गोंधळ्याने पन्नाशीपर्यंत वाट का पाहायची?

तुळजापुरात कलावंतांसाठी स्थानिक फेलोशिप सुरू करा, असं म्हटलं की पहिलं उत्तर भक्तीच्या नावानं येतं. देवीच्या दारात वाजवणारा पगारासाठी वाजवत नाही, त्याला पैशाची सवय लावू नका. असं म्हणणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतली कितीतरी मंगळवार चुकवत नाहीत, छबिन्यात संबळ घुमायला लागला की आपोआप हात जोडतात. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे आणि त्यापायी गावातल्या कलावंतांच्या एका पिढीचं नुकसान होत आहे, म्हणून ते नीट खोडून काढलं पाहिजे.

देवीच्या दारात काम करून पैसे घेणारे थोडे नाहीत. रांगेवरचा सुरक्षारक्षक, झाडलोट करणारी बाई, वायरमन, हिशेब ठेवणारा कारकून या सगळ्यांना महिन्याचा पगार मिळतो आणि तो मिळायलाच हवा. त्यामुळे त्यांची श्रद्धा उणी झाली असं कुणी म्हणत नाही. मग दोन पैसे हातात आले की संबळ वाजवणाऱ्याचीच भक्ती पातळ होईल, हे कुठून आलं? आणि गोंधळी फुकट गात होता हेही खरं नाही. लग्नानंतर कुळाचाराचा गोंधळ घालायचा तर यजमान बिदागी देत आला, शिधा देत आला. गावं वाटून घेतलेली असत, यजमानघराणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असत. बापानं ज्या वाड्यात दिवटी पेटवली त्याच वाड्यात मुलगा जाई. कदमराई असोत की रेणुराई, गोंधळ्यांच्या दोन्ही शाखांची रीत हीच होती. परंपरेनंच कलावंताच्या पोटाची सोय लावून ठेवली होती. ती सोय आज मोडकळीला आली आहे, आणि परंपरेचं नाव घेणाऱ्यांनी आधी तिच्याकडे पाहावं.

मोडली कशी, ते जवळून सांगतो. पाटावर नवं कापड, त्यावर तांदळाचा चौक, मध्ये कलश, उसाची खोप, देवीचा टाक. दिवटी पेटते, कवड्यांच्या माळा गळ्यात पडतात, गण होतो. मग एकेका दैवताला नाव घेऊन गोंधळाला बोलावलं जातं, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा. इथवरचा भाग सगळ्यांच्या ओळखीचा आहे. खरा कस लागतो पुढे, उत्तररंगात. पार्टीचा म्होरक्या, म्हणजे नाईक, आख्यान लावतो. साथीदार मध्येच अडवतो, भोळ्या माणसाचे प्रश्न विचारतो, नाईक त्याला कधी गद्यात, कधी पदात उत्तर देतो. तुणतुणं आणि झांज धरून असतात, संबळ कथेबरोबर चढतो आणि उतरतो. द्रौपदीच्या मनातला कर्ण सांगणारं जांभूळ आख्यान, हरिश्चंद्र, चंद्रहास, एकेक कथा रात्रभर चाले आणि आरतीला उजाडे.

आज मंगल कार्यालयाची वेळ संपत आलेली असते. दहानंतर ध्वनिक्षेपक चालत नाही, पाहुण्यांना गाड्या गाठायच्या असतात, नव्या जोडप्याला सकाळी निघायचं असतं. गोंधळ दीड-दोन तासांत आटोपतो. गण, आवाहन, जोगवा, दोन लोकप्रिय गाणी, आरती. आख्यान गळतं. यात यजमानाची काही चूक नाही, तो हवं तेवढ्याचेच पैसे देणार. पण पार्टीत नव्यानं आलेला वीस वर्षांचा साथीदार अख्खी लग्नसराई फिरतो आणि एकही आख्यान पूर्ण ऐकत नाही. ऐकलंच नाही तर शिकणार कुठे? सुपारी मिळते ती आधीपासून येत असलेल्या गोष्टीची. शिकण्यासाठी सुपारी कुणी देत नाही.

करपल्लवीची गोष्ट तर आणखी बिकट आहे. प्रेक्षकांतला एकजण गोंधळ्याच्या कानात आपलं नाव सांगतो. तो तोंडातून अवाक्षर काढत नाही, नुसती बोटं हलवतो आणि लांब उभा असलेला दुसरा गोंधळी ते नाव खड्या आवाजात सांगतो. लोकांना ती जादू वाटते. मुळात ती अक्षरांची बांधेसूद लिपी आहे. आधी वर्गाची खूण, मग त्या वर्गातलं कितवं अक्षर ते बोटांवर, मग काना-मात्रा. दोघांनी रोज समोरासमोर बसून घोटली तरच ती हाताला चढते. यूट्यूबवर पाहून ती येत नाही, कारण चुकलं तर थांबवणारं माणूस समोर लागतं. ज्यांच्या हातात ही लिपी अजून आहे त्यांची वयं झाली आहेत. ज्यांनी शिकायची ते दिवसा हमाली करतात, रिक्षा चालवतात, हंगामात कारखान्यावर जातात. शिकवणारा आहे, शिकणाराही आहे, दोघांकडे मोकळा वेळ तेवढा नाही. फेलोशिपनं विकत घ्यायचा आहे तो हाच वेळ.

यावर लगेच ऐकू येतं की सरकार मानधन देतंच की. देतं, आणि त्या योजनेबद्दल माझी तक्रार नाही. राज्य सरकारची वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना जुनी आहे. २०२४ मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव मिळालं, अ-ब-क वर्ग गेले आणि सगळ्यांना सरसकट दरमहा ५,००० रुपये ठरले. ही सुधारणा चांगली झाली. पण त्या योजनेचा उंबरठा वयाची पन्नास वर्षं हा आहे. तिशीतल्या संबळवाल्याला, देवीची गाणी म्हणणाऱ्या पंचविशीतल्या आराधी गायिकेला तिच्यात जागा नाही आणि असूही नये, कारण ती योजना म्हातारपणाच्या आधारासाठीच केलेली आहे. घरातल्या आजोबांना पेन्शन सुरू झाली म्हणून नातवाच्या शाळेची फी भरायची राहू देत नाही आपण.

उशिरा आलेल्या सन्मानानं काय होतं हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा गौरवलं गेलं, १९५७ मध्ये आणि १९९० मध्ये. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा औषधपाण्याच्या खर्चालाही लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं होतं. आज तमाशातला राज्याचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं दिला जातो. पुरस्कार द्यावेत, जरूर द्यावेत. पण ज्या वयात फड उभा करायचा असतो, कर्जाशिवाय तंबू घ्यायचा असतो, पोरींना शिकवायचं असतं, त्या वयात हात द्यायची सोय आपल्याकडे तेव्हाही नव्हती आणि आजही नाही.

करोनाच्या दोन वर्षांत हे उघड्यावर आलं. मार्च २०२० मध्ये मंदिर बंद झालं, ते १६ नोव्हेंबरला पाडव्याला उघडलं. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ते ७ ऑक्टोबर २०२१ ला घटस्थापनेच्या दिवशी उघडलं. दोन्ही वर्षांची चैत्र-वैशाखाची लग्नसराई बुडाली आणि एक अख्खं नवरात्र भाविकांविना गेलं. सरकारनं गरजू कलावंतांना एकरकमी ५,००० रुपये जाहीर केले. एवढ्यात एक घर महिनाभर तगतं, कला तगत नाही. त्या काळात पुण्याला, सोलापूरला कामाला गेलेले सगळे काही परत आले नाहीत.

मग केंद्राकडे बोट दाखवलं जातं. सांस्कृतिक मंत्रालयाच्या फेलोशिप आहेत, गुणी माणसानं तिथे अर्ज करावा. जरूर करावा, पण आधी त्या योजना वाचाव्यात. ज्येष्ठ फेलोशिप दरमहा २०,००० रुपयांची, कनिष्ठ १०,००० रुपयांची, दोन वर्षांसाठी. दोन्ही मिळून साऱ्या देशात वर्षाला ४००. देशात जिल्हे साडेसातशेहून जास्त, म्हणजे दोन जिल्ह्यांच्या वाट्याला जेमतेम एक येते. आणि अट पदवीची. ज्यानं अक्षरओळख होण्याआधी बापाच्या मांडीवर बसून आवाहन पाठ केलं, ज्याच्या डोक्यात शेकडो पदं आहेत, तो पदवी नाही म्हणून दारातच अडतो. पदवी असलीच तरी पुढे संशोधनाचा आराखडा लिहा, उद्दिष्टं मांडा, सहा महिन्यांनी अहवाल पाठवा. या भाषेची ज्याला सवय आहे त्याचाच अर्ज नीट दिसतो. अशा अर्जावरून माणूस कागद किती चांगला लिहितो ते कळतं, संबळ किती चांगला वाजवतो ते कळत नाही.

प्रादेशिक सांस्कृतिक केंद्रांची गुरु-शिष्य योजना हेतूनं माझ्या मनाच्या सर्वांत जवळची आहे. महाराष्ट्रासाठी त्यातलं एक केंद्र नागपूरला आहे. या योजनेत गुरूला दरमहा ७,५०० रुपये आणि शिष्याला १,५०० रुपये असा दर ठेवलेला आहे. दिवसाला पन्नास रुपये. महाराष्ट्रात २०२५ मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. बांधावर माती टाकली तर ३१२ आणि आख्यान शिकलं तर ५०, असं असल्यावर घरचं कर्तं पोर कुठे जाईल हे सांगायला पाहिजे का?

विद्यापीठांकडे पाहा. यूजीसीची कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. गोंधळावर पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला ती मिळू शकते आणि मिळावी. रा. चिं. ढेरे, प्रभाकर मांडे यांच्यासारख्यांनी या उपासकांकडे, त्यांच्या विधींकडे, त्यांच्या कथांकडे अभ्यासानं पाहिलं नसतं तर आज आपल्याला बोलायलाही आधार नसता. पण जो माणूस त्या प्रबंधाचा विषय आहे, ज्याच्या ओसरीवर बसून विद्यार्थी रेकॉर्डिंग करतो, त्याला शिकण्यासाठी, शिकवण्यासाठी दरमहा काहीच नाही. शास्त्रीय संगीतातल्या तरुणांसाठी राज्यानं पंडित भीमसेन जोशींच्या नावानं शिष्यवृत्ती ठेवली आहे. त्यामागचा विचार अगदी योग्य आहे की ख्याल शिकायला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत पोट चाललं पाहिजे. आख्यान शिकायला काय कमी वर्षं लागतात?

आता अशा एका मताकडे वळतो ज्याचा मला मनापासून राग येतो. कला हालअपेष्टांतूनच फुलते, पोट भरलं की कलावंत सुस्तावतो. हे बोलणारा स्वतः उपाशी राहून काही शिकलेला नसतो. विष्णू दिगंबर पलुस्करांच्या डोळ्यांना लहानपणी फटाक्यांनी इजा झाली, शाळा सुटली. मिरजेच्या संस्थानिकांनी त्यांना बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला ठेवलं आणि आश्रय दिला. त्या निश्चिंत वर्षांत ते गळा घडवू शकले. पुढे १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं आणि शिष्यांना स्वतःजवळ ठेवून, खाऊ घालून शिकवलं. अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापुरात शाहू महाराजांचा आश्रय होता, म्हणून जयपूर घराणं महाराष्ट्रात रुजलं. यांतलं कोणीही पैशानं सुस्तावलं नाही. हाल सोसूनही जे टिकले त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, हालांमुळे जे सुटले त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. म्हणून हा युक्तिवाद टिकल्यासारखा वाटतो.

जपाननं १९५० च्या कायद्यापासून पारंपरिक कलांच्या जाणकारांना राष्ट्रीय ठेवा मानलं आणि आज अशा प्रत्येकाला वर्षाला २० लाख येन दिले जातात. ते कशासाठी, तर स्वतःची कला आणखी धारदार करायला आणि शिष्य तयार करायला. सन्मान आणि शिक्षण तिथे एकत्र बांधलेलं आहे. आपण सन्मानाची शाल देतो आणि शिष्य त्यानं स्वतःच्या खिशातून पोसावा अशी अपेक्षा ठेवतो.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे आणि तो घेणाऱ्यांत माझे जवळचे मित्र आहेत. ते म्हणतात, फेलोशिप हवीच, पण स्थानिक नको. गावात समिती झाली की वशिला आला. नगरसेवकाचा भाचा, पुढाऱ्याच्या मेळ्यातला हार्मोनियमवाला, निवडणुकीत कामाला येणारी पार्टी, यांच्यातच पैसे वाटले जातील. निवड दिल्लीला किंवा निदान मुंबईला व्हावी.

ही भीती पोकळ नाही. आमच्या भागात कलावंतांच्या यादीत कधी ढोलकीला हात न लावलेली नावं आल्याचं लोक बोलतात, आणि खरा वाजवणारा तीन तीन वर्षं दाखले गोळा करत फिरल्याचं मी स्वतः पाहिलं आहे. तरीही मी स्थानिक निवडीच्याच बाजूचा आहे. मुंबईत बसलेल्या परीक्षकाला कागद आणि फार तर पाच मिनिटांची चित्रफीत दिसते. चित्रफितीत प्रकाश चांगला, कपडे नवे, कॅमेरा चांगला असला की पार्टी मोठी वाटते. तुळजापुरात मात्र कुणाला कुठलं आख्यान सबंध येतं, कोण दुसऱ्याच्या संबळावर नुसता उभा राहतो, कुणाकडे पोरं शिकायला बसतात, हे चहाच्या टपरीवरही माहीत असतं. ही माहिती दिल्लीला कुठल्याच अर्जातून पोचत नाही. वशिला जिथे लपून चालतो तिथे फोफावतो, म्हणून निवड लपवायची नाही, चौकात आणायची.

अर्ज तोंडी घ्यावा. लिहिता येत नसेल त्याचं म्हणणं समितीनं ध्वनिमुद्रित करून लिहून घ्यावं. पुढची फेरी खुल्या सभागृहात, गावासमोर व्हावी. उमेदवारानं आपल्याला काय येतं ते करून दाखवावं, कुणाकडे काय शिकायचं आहे ते सांगावं, आणि ज्याच्याकडे शिकायचं त्या गुरूनंही तिथे येऊन होकार द्यावा. परीक्षकांत निम्मे बाहेरचे असावेत, माहूरकडचे, परभणीचे, सोलापूरचे जाणते गोंधळी, आणि निदान दोघी आराधी मेळ्यांतल्या बायका. परीक्षकाचा नातेवाईक उमेदवार असला तर त्या परीक्षकानं उठून जावं. अंतिम यादी गुणांसकट नगरपरिषदेच्या फलकावर लागावी. आणि एक गोष्ट मी ठामपणे सुचवतो. पात्र ठरलेल्यांतून काही जागा चिठ्ठी टाकून भराव्यात. आयर्लंडनं २०२२ मध्ये कलावंतांसाठी पायाभूत उत्पन्नाची योजना सुरू केली, २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, आणि पात्र अर्जदारांतून ही निवड त्यांनी चिठ्ठ्यांनीच केली. चिठ्ठीला भाचा-पुतण्या कळत नाही. आपल्याकडे कुणाला हे विचित्र वाटेल, पण पात्रता आधी उघड्यावर तपासलेली असेल तर चिठ्ठीत अन्याय नाही.

पैसा कुठून आणायचा? या प्रश्नाला तुळजापुरात तरी लाजायचं कारण नाही. ६ मे २०२५ ला चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत राज्यातल्या तीर्थस्थळांसाठी ५,५०३ कोटींचे आराखडे मंजूर झाले. त्यात सर्वांत मोठा आराखडा तुळजाभवानी मंदिराचा, १,८६५ कोटींचा. माहूरगडाचे ८२९ कोटी त्याच बैठकीतले. म्हणजे कदमराईचं आणि रेणुराईचं, गोंधळ्यांच्या दोन्ही शाखांचं मूळपीठ एका दिवसात सरकारच्या पैशानं जोडलं गेलं. रस्ते, दर्शनमंडप, वाहनतळ, सगळं व्हावं. कोजागरीला सोलापूरकडून, कर्नाटकातून चालत येणाऱ्या लाखो माणसांसाठी ते हवंच आहे. पण ती माणसं वाहनतळ पाहायला येत नाहीत. पोत घेऊन, आराध्यांची गाणी म्हणत, संबळाच्या तालावर येतात.

हिशेब मांडू. बारा फेलो, प्रत्येकाला दरमहा १५,००० रुपये, एक वर्षासाठी. वर्षाचा खर्च २१ लाख ६० हजार. १,८६५ कोटींतल्या शंभर रुपयांमागे दहा पैसे बाजूला ठेवले तर १ कोटी ८६ लाख ५० हजार होतात. एवढ्यात बारा जणांची फेलोशिप आठ वर्षं चालते आणि वर थोडे उरतात. शंभराला एक रुपया कायम ठेव म्हणून ठेवला तर ती रक्कम १८ कोटी ६५ लाख. सहा टक्के व्याजानं वर्षाला एक कोटीच्या वर येतात, मुद्दलाला हात न लावता पन्नास जणांना पुरतील एवढे. आराखड्यातला पैसा बांधकामाचा असतो, त्यात माणसांसाठीचं शीर्ष बसत नाही, असं सांगितलं जाईल. मग ते शीर्ष उघडा, आराखडा माणसांनीच केला आहे. तेही जमत नसेल तर मंदिर संस्थान आहे. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. भाविकांच्या दानातून याच संस्थाननं तुळजापुरात अभियांत्रिकी महाविद्यालय उभं केलं, सैनिकी विद्यालय चालवलं. देवीच्या पैशातून इंजिनिअर घडवता येतो हे संस्थाननं करून दाखवलेलं आहे, तर देवीचा गोंधळी घडवायला अडचण कसली? धाराशिव २०१८ पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, कंपन्यांचा सामाजिक निधी इकडे वळवायला प्रशासनाला मोकळीक आहे. नगरपरिषद आपल्या अंदाजपत्रकात एका फेलोपासून सुरुवात करू शकते.

गोंधळी हा शब्द मी इतक्या वेळा वापरला म्हणून ही मागणी एका समाजाची आहे असं कुणी समजू नये. बारांतल्या काही जागा पडद्यामागच्या माणसांना हव्यात. संबळ बांधणारे कारागीर कमी होत चालले आहेत. एक भांडं मोठं, एक लहान, दोन्हींचं कातडं वेगळ्या ताणाचं, दोरी किती ओढायची ते कानानंच ठरवायचं, पावसाळी हवेत ते ढिलं पडलं की विस्तवावर शेकून पुन्हा सुरात आणायचं. हे येणारा म्हातारा गेला की पोरं तयार संबळ कुठून तरी मागवतात आणि त्याचा आवाज दबका लागतो. अशा कारागिराच्या हाताखाली एक वर्ष राहणाऱ्याला फेलो म्हणायला काय हरकत आहे? मेळ्याचा साउंड सांभाळणारा मुलगा घ्या. त्याला संबळापुढे माइक कुठे धरायचा हे कुणी शिकवलेलं नाही, म्हणून तुणतुणं ऐकूच येत नाही. त्याला सहा महिने चांगल्या स्टुडिओत काम करता आलं तर सबंध तालुक्याच्या मेळ्यांचा आवाज सुधारेल.

आराधी बायकांचा प्रश्न याहून टोकदार आहे. त्यांची गाणी रेकॉर्ड होतात, यूट्यूबवर चढतात, लाखो लोक ऐकतात. गायिकेला त्या दिवसाचे ठरलेले पैसे, साडी-चोळी आणि परतीचं गाडीभाडं मिळतं. ज्या कागदावर तिचा अंगठा घेतला जातो त्यात काय लिहिलं आहे हे तिला कुणी वाचून दाखवत नाही. १९९४ मध्ये कॉपीराइट कायद्यात प्रयोग करणाऱ्या कलावंताचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक वापरात त्याला मोबदल्याचा हक्कही मिळाला. करार वाचायला शिकणं, दर ठरवायला शिकणं, आपल्या पदांची वही आणि ध्वनिमुद्रणं स्वतःच्या नावानं नोंदवणं हाही कलावंताच्या व्यवसायाचाच भाग आहे. फेलोशिपमध्ये महिन्यातला एखादा दिवस यासाठी ठेवावा. शहरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं आवार आहे, वकील आहेत, बँका आहेत. शिकवणारी माणसं लांबून आणावी लागणार नाहीत.

शेवटी एक तरुणांचाच आक्षेप राहतो आणि त्याच्याशी मी आदरानं बोलतो. पोरं म्हणतात, आम्हाला जुनं आख्यान कशाला, आता ऑक्टोपॅडवर संबळाचा आवाज निघतो, लोक त्यावर नाचतात, सुपारीही मोठी मिळते. ऑक्टोपॅडला माझा विरोध नाही. पण त्या यंत्रात भरलेला संबळाचा आवाज कधीतरी एका माणसानं कातड्यावर वाजवून दिलेला आहे आणि यंत्र तेवढाच आवाज पुन्हा पुन्हा काढतं. कथेत द्रौपदीचं मन उलगडताना संबळ कसा हळू होतो हे त्यात नाही, कारण ज्यानं आवाज भरला त्याच्यापुढे द्रौपदी नव्हती. ज्याला दोन्ही येईल त्याचंच काम पुढे वाढेल. विठ्ठल उमपांनी जांभूळ आख्यान शहरातल्या रंगमंचावर नेलं तेव्हा ते जुनं म्हणून कुणी उठून गेलं नाही. ते आख्यान आधी त्यांच्यात पुरतं मुरलेलं होतं, म्हणून त्यांना ते नव्यानं उभं करता आलं. फेलोनं वर्षभर आख्यान शिकून पुढे ते रॅपमध्ये नेलं तरी माझी ना नाही, आधी त्यानं ते सबंध शिकावं.

राज्याचं नवं सांस्कृतिक धोरण २०२४ मध्ये आलं, त्यातून काय निघतं ते पाहू आणि मग ठरवू, असंही काही समंजस लोक म्हणतात. पहिलं धोरण २०१० मध्ये आलं होतं. तेव्हा जी पोरं दहा वर्षांची होती ती आज पंचविशी ओलांडून संसाराला लागली आहेत आणि संबळ त्यांनी सोडला आहे. आणखी एका धोरणाची वाट पाहण्याइतका वेळ आता नाही.

सुरुवात कधी करायची हे कलावंतांचं वर्षच सांगतं. मार्गशीर्षापासून लग्नं, मग चैत्र-वैशाखाची सराई, मग आषाढात सगळं थंडावतं. घटस्थापनेपर्यंत सुपाऱ्या नसतात, उधारी वाढते, आणि याच महिन्यांत संबळ खाली ठेवून लोक मजुरीला जातात. शिकायला याहून चांगला काळ नाही, फक्त त्या महिन्यांत चूल पेटलेली हवी. म्हणून अर्ज माघात घ्या, निवड फाल्गुनात करा आणि पहिला हप्ता आषाढ लागायच्या आत फेलोच्या खात्यावर जमा करा. तो दिवाळीनंतर आला तर त्याचा काहीच उपयोग नाही.